हाक ऐकू यावी

पन्नाशी उलटली की माणसाला काही गोष्टी न मागता मिळू लागतात. डॉक्टरांचा उपदेश ही त्यांतलीच एक. आयुष्यभर इतरांना उपदेश करीत आलेल्या धर्मगुरूला तो ऐकून घेण्याची सवय नसते. तरीही रक्तातील साखरेचा अहवाल समोर ठेवून आमच्या डॉक्टरांनी, "फादर, रोज चालायचं; जमलं तर धावायचं," असे बजावले, तेव्हा आम्हांला निमूटपणे मान तुकवावी लागली.

आम्ही धावू लागलो. सुरुवातीला चर्चच्या फाटकापासून पहिल्या बावखलापर्यंत जाताना धाप लागे. पुढे हळूहळू दम वाढला आणि वर्षभरात समुद्रकिनाऱ्यावरच्या सुरूच्या बनापर्यंत जाऊन परत येण्याइतकी, म्हणजे पाच किलोमीटरची, मजल गाठता आली. वेळ पहाटे पाचची. कारण साडेसहाला मिस्सा असते. त्या वेळी आपली वसई अजून जुन्या वसईसारखी दिसते. केळीच्या वाड्यांवर दव असते, मोगऱ्याच्या टोपल्या घेऊन बायका पहिल्या गाड्यांसाठी निघालेल्या असतात, आणि रस्त्यावर आमच्या सोबतीला असतात ती गावची कुत्री आणि पाण्याचे टँकर. त्यांतल्या टँकरची धास्ती कुत्र्यांपेक्षा अधिक!

पण खरे सांगायचे तर धावणे हा कंटाळवाणा व्यायाम आहे. रोज तोच रस्ता, तोच श्वास, तीच पावले. 'संगीत ऐकत धावा, वेळ कसा जातो ते कळणार नाही,' असा सल्ला धर्मग्रामातील तरुणांनी दिला. आमच्या गुरुदीक्षेला पंचवीस वर्षे झाली त्या निमित्ताने, आखातात नोकरी करणाऱ्या भाच्याने एक चिमुकला प्लेअर आणि कानात बसवायच्या दोन पांढऱ्या, बिनतारी कळ्या पाठवून दिल्या. त्या भेटीने आम्ही हरखून गेलो. पुढे त्या भेटीने जे शिकवले, ते सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच आहे.

सेमिनरीत असताना, १९९० च्या सुमारास, आमच्या एका वर्गबंधूकडे वॉकमन होता. सुटीच्या दिवशी तो आळीपाळीने प्रत्येकाला दहा मिनिटे ऐकायला मिळे. साठ मिनिटांची कॅसेट, एका बाजूला तीस मिनिटे. म्हणजे एका बाजूत तीन जणांचे भागे. आमच्या वाट्याला एकदा भीमसेन जोशींचा अभंग अर्धाच आला आणि उरलेला अर्धा पुढच्या रविवारी मिळाला. ते यंत्र कानाला लावून बागेत चालताना झाडेसुद्धा गाण्यात सामील झाल्यासारखी वाटत. संगीत आपल्याबरोबर चालू शकते, हा त्या वयातला मोठाच साक्षात्कार होता.

या यंत्राची जन्मकथा पुढे वाचनात आली, आणि तिच्यातला एक तपशील मनात घर करून राहिला. फिलिप्स कंपनीने कॅसेट बाजारात आणली ती १९६३ साली. सोनीचा पहिला वॉकमन जपानमध्ये विक्रीस आला १ जुलै १९७९ रोजी. कंपनीचे एक संस्थापक मासारू इबुका यांना लांबच्या विमानप्रवासात संगीत ऐकता यावे, ही त्यामागची मूळ इच्छा. दुसरे संस्थापक आकिओ मोरिता यांना मात्र एक शंका होती. चारचौघांत बसून एकट्यानेच गाणे ऐकणे हे असभ्यपणाचे नाही का? म्हणून त्या पहिल्या वॉकमनला हेडफोनच्या दोन जागा ठेवल्या होत्या, म्हणजे दोघांना मिळून ऐकता येईल. आणि एक नारिंगी बटण होते. ते दाबले की संगीत हळू होई आणि यंत्रातल्या छोट्या मायक्रोफोनमधून जवळच्या माणसाचे बोलणे कानी पडे. लोकांनी मात्र यंत्र विकत घेतले ते एकट्याने ऐकण्यासाठी. पुढच्या नमुन्यांतून ते नारिंगी बटण नाहीसे झाले.

त्यानंतरचा प्रवास झपाट्याचा आहे. १९८४ मध्ये सोनीने हातात मावणारा सीडी प्लेअर आणला. पण धावणाऱ्याच्या तो फारसा उपयोगाचा नव्हता. पाऊल आपटले की तबकडीवरचे गाणे अडखळे. २००१ च्या ऑक्टोबरात अ‍ॅपल कंपनीचा आयपॉड आला आणि हजार गाणी खिशात मावू लागली. त्याच्या पोटातही फिरती तबकडी होतीच. धावणाऱ्यांची खरी सोय झाली ती फिरता भागच नसलेल्या, स्मृतिचिपेवर चालणाऱ्या छोट्या प्लेअरांमुळे. २००५ मध्ये आलेला आयपॉड शफल तर च्युइंगगमच्या पाकिटाएवढा होता आणि त्याला पडदाही नव्हता. मग मोबाइल फोनने सगळेच गिळंकृत केले, आणि मे २०२२ मध्ये आयपॉडचे उत्पादन थांबवण्यात आल्याचे जाहीर झाले. तरीही कपड्याला चिमट्याने अडकवायचे साधे प्लेअर आजही मिळतात. भाच्याने पाठवलेला प्लेअर त्याच जातीचा होता.

त्याने सोबत एक चिठ्ठी पाठवली होती : 'मामा, फोन घरी ठेवून धाव. तेवढा वेळ तरी तुला कोणी सतावणार नाही.' सल्ला आम्हांला पटला. दिवसभर तो फोन आमच्या मानगुटीवर बसलेला असतो. दाखले, लग्नाच्या तारखा, सभागृहाचे आरक्षण, वाडीच्या सीमेचे तंटे. पहाटेचा पाऊण तास तेवढा आमचा. फोन टेबलावर ठेवून फाटकाबाहेर पडताना आपण मोठीच विरक्ती साधली आहे, असे आम्हांला वाटत असे.

त्या कानातल्या कळ्यांची एक करामत होती. बाहेरचा आवाज छोट्या मायक्रोफोनने टिपायचा आणि त्याच्या नेमकी उलटी लहर आतून सोडायची. दोन लहरी एकमेकींना खोडतात आणि कानात शांतता पसरते. घरघर करणारा टँकर आमच्या शेजारून मांजराच्या पावलांनी जाई. आत बाखचा ऑर्गन किंवा कुमार गंधर्व. इतके सुख आम्ही पहाटे कधी अनुभवले नव्हते.

ही गोष्ट सप्टेंबरमधल्या एका पहाटेची आहे. पुढचा मजकूर आम्ही त्या घरच्या माणसांना वाचून दाखवून, त्यांच्या संमतीने लिहीत आहोत.

आमच्या धावण्याच्या रस्त्याला लागून एक गल्ली आहे. गल्लीच्या आत तिसरे घर एका आजीचे. वय नव्वदीला टेकलेले. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही तिच्याकडे ख्रिस्तप्रसाद घेऊन जात असू. त्या रात्री तिला श्वास लागला. चार वाजल्यापासून ती एकच म्हणत होती : "फादरला बोलवा. मला सांगायचंय." डॉक्टरांना कळवले होते; ते येईपर्यंत मुलगा तिच्या उशाशी बसून होता. मुलगा स्वतःच साठीच्या पुढचा, गुडघ्यांनी अधू. आम्ही रोज पाच-दहाच्या सुमारास गल्लीवरून धावत जातो, हे त्याला ठाऊक होते. तो काठी टेकीत गल्लीच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. आम्ही दिसलो. त्याने हाक मारली. एकदा, दोनदा, तीनदा. आम्ही त्याच्यापासून पंधरा पावलांवरून पुढे निघून गेलो.

त्याला आमच्या मागे धावता येणार नव्हते. तो घरी परतला आणि त्याने आमचा फोन लावला. फोन टेबलावर वाजत राहिला. साहाय्यक धर्मगुरू त्या आठवड्यात वार्षिक तपसाधनेसाठी गेले होते. घरात दुसरे कोणी नव्हते. आम्ही सुरूच्या बनापर्यंत गेलो, तिथे क्षणभर समुद्राकडे पाहिले, आणि परतताना पुन्हा त्याच गल्लीवरून आलो. आजीच्या घरात दिवा दिसला. म्हातारी माणसे पहाटेच उठतात, असा विचार मनात आला. कानात तेव्हा ऑर्गन टिपेला पोहोचला होता.

पावणेसहाला फोन हाती घेतला तेव्हा त्यावर सहा हाका नोंदल्या होत्या. पवित्र तेलाची डबी आणि ख्रिस्तप्रसाद घेऊन आम्ही तसेच, घामाच्या कपड्यांवर स्टोल घालून, पोहोचलो. आजीची शुद्ध हरपली होती. साडेपाचपर्यंत ती बोलत होती, असे सुनेने सांगितले.

बेशुद्ध असलेल्या आजाऱ्यालाही हा संस्कार देता येतो. शुद्धीवर असता तर त्याने तो मागितला असता, एवढे ख्रिस्तसभेला पुरते. आजीने तर चार वाजल्यापासून मागितला होता. आम्ही पापक्षमेचे शब्द उच्चारले, कपाळाला व हातांना तेल लावले, घरच्यांबरोबर प्रार्थना केली. शिदोरी म्हणून नेलेला ख्रिस्तप्रसाद मात्र परत आणावा लागला, कारण तिला गिळता येत नव्हते. दुपारी ती देवाघरी गेली. देवाच्या दयेविषयी आमच्या मनात शंका नाही. धर्मगुरूला उशीर होतो; देवाला होत नाही. तिच्या अंतःकरणात काय होते ते त्याने चार वाजताच ऐकले असणार. पण तिला माणसाच्या कानात काही सांगायचे होते, आणि त्या कामासाठी ज्याला गुरुदीक्षा दिली गेली त्याचे कान त्या वेळी बंद होते.

१९७२ मध्ये पोप पौल सहावे यांनी या संस्काराचा विधी सुधारला आणि कपाळ व हात यांनाच तेल लावण्याचे ठरले. त्याआधीच्या विधीत धर्मगुरू आजाऱ्याचे डोळे, कान, नाक, ओठ, हात आणि पाय यांना तेल लावीत असे, आणि त्या त्या इंद्रियाने घडलेल्या पापांची क्षमा मागत असे. त्या पहाटे आजीच्या कपाळाला तेल लावताना आम्हांला वाटले, आज तेल लावायला हवे ते आमच्याच कानांना.

मुलाने दोष दिला नाही. अंत्यविधीनंतर तो आमच्याजवळ आला आणि म्हणाला, "फादर, मी हाक मारली होती. तुमच्या कानात ते होतं ना, म्हणून ऐकू गेलं नसेल." आमचा बचाव त्यानेच आमच्यापुढे ठेवला. तो आम्हांला कोणत्याही आरोपापेक्षा जड गेला.

पुढे दोन महिने आम्ही काहीही न ऐकता धावलो. प्लेअर आणि कळ्या कपाटात ठेवून दिल्या. हे प्रायश्चित्त म्हणून ठीक होते. पण प्रायश्चित्ताला मुदत असते, आणि नियम म्हणून ते टिकले नसते. धावण्यातला आनंद गेला, मग दिवस चुकू लागले, आणि डॉक्टरांच्या कागदावरील आकडा पुन्हा वर सरकला. संगीताचा काय अपराध? लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठातील कॉस्टास कॅरागेओर्गिस यांनी व्यायाम आणि संगीत यांच्या नात्याचा वर्षानुवर्षे अभ्यास केला आहे. बेताच्या वेगाने व्यायाम करणाऱ्याला संगीतामुळे श्रम कमी जाणवतात आणि मन प्रसन्न राहते. अगदी जिवाच्या आकांताने धावणाऱ्याला मात्र श्रम जाणवायचे तेवढे जाणवतातच. आमचा वेग बेताचाच. म्हणजे संगीत आमच्यासारख्यांच्याच कामाचे.

संत ऑगस्टिन यांनाही हा पेच पडला होता. मिलानच्या ख्रिस्तमंदिरातील गायनाने त्यांच्या डोळ्यांत अश्रू आले होते. पुढे 'कन्फेशन्स'च्या दहाव्या भागात त्यांनी स्वतःलाच विचारले की, सुरांच्या सुखात गुंतून आपण शब्दांकडे दुर्लक्ष तर करीत नाही ना? त्यांनी संगीत टाकले नाही. सावध राहून त्याचा स्वीकार केला. आम्हीही तेच करायचे ठरवले आणि नव्या प्लेअरच्या शोधाला लागलो. या वेळी धर्मग्रामातील दोन तरुणांना गुरू केले. वसई-विरारच्या मॅरेथॉनमध्ये २०११ पासून आपली अनेक मुले धावतात. हे दोघे त्यांतलेच. त्यांच्याकडून जे शिकलो ते वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून थोडक्यात सांगतो.

प्लेअर जितका हलका तितका बरा, आणि तो अंगाशी घट्ट अडकला पाहिजे. खिशात उड्या मारणारे यंत्र धावणाऱ्याला दर पावलाला टोचते. बटणे खरीखुरी, बोटांना लागणारी असावीत. घामेजल्या बोटांना काचेचा पडदा जुमानत नाही, आणि त्याकडे पाहण्यासाठी मान खाली घालणे म्हणजे खड्ड्याला आमंत्रण. घाम व पाऊस यांपासून बचावाचा दर्जा खोक्यावर छापलेला असतो. आयपीएक्स ४ म्हणजे शिंतोडे सोसणारे. आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिले तरी तगणारे. वसईच्या पावसाळ्यात धावायचे असेल तर दुसरा दर्जा पाहावा. साठवणीच्या आकड्यांना मात्र भुलू नये. साधारण प्रतीच्या एमपीथ्री गाण्याला मिनिटाला सुमारे एक एमबी जागा लागते; म्हणजे आठ जीबीत सव्वाशे तासांहून अधिक संगीत मावते. आठवड्यातून चार तास धावणाऱ्याला ते अर्धे वर्ष पुरेल.

बिनतारी जोडणीला 'ब्लूटूथ' का म्हणतात, हे आम्ही त्या मुलांना विचारले, तेव्हा त्यांना सांगता आले नाही. मग आम्हीच शोधून सांगितले, आणि गुरूंना काही शिकवल्याचे समाधान मिळवले. दहाव्या शतकात डेन्मार्कमध्ये हॅराल्ड नावाचा राजा होऊन गेला. 'निळा दात' हे त्याचे टोपणनाव. त्याने बाप्तिस्मा घेतला. येलिंग येथे त्याने उभारलेल्या शिळेवर ख्रिस्ताची आकृती कोरलेली आहे, आणि आपण डेन लोकांना ख्रिस्ती केले असे त्याने तिच्यावर नोंदवून ठेवले आहे. त्याने विखुरलेल्या प्रदेशांना एकत्र आणले, तसे हे तंत्र निरनिराळ्या यंत्रांना एकत्र आणील, म्हणून १९९७ मध्ये जिम कारडॅक या अभियंत्याने ते नाव सुचवले. फोनवर दिसणारी ती खूण म्हणजे त्या राजाच्या नावाची आद्याक्षरे, प्राचीन रून लिपीतील. राजाने माणसे जोडली. त्याच्या नावाच्या यंत्राने आम्हांला पंधरा पावलांवरच्या माणसापासून तोडले होते. यात यंत्राचा दोष नव्हता. कान भरून टाकणारी जोडणी आम्हीच पसंत केली होती.

खरी निवड तिथेच असते. प्लेअर कोणताही असो, तो कानाशी कसा येतो हे महत्त्वाचे. कानाच्या पोकळीत घट्ट बसणाऱ्या कळ्या बाहेरचे जग बंद करतात. आगगाडीच्या किंवा विमानाच्या प्रवासात ते ठीक, रस्त्यावर नाही. काही कळ्यांना बाहेरचा आवाज आत घेण्याची सोय असते, पण ती चालू करायची आठवण राहिली पाहिजे. तिसरा प्रकार मुलांनी दाखवला तेव्हा आम्ही चकित झालो. डोक्याच्या मागून येणारी एक पातळ पट्टी. तिची दोन टोके कानांत न जाता कानांच्या पुढे, गालाच्या हाडावर टेकतात. कंपने हाडांतून थेट आतल्या कानापर्यंत पोहोचतात आणि कानाचे दार मोकळे राहते. आपला स्वतःचा आवाजही आपण काही अंशी असाच, हाडांवाटे ऐकत असतो. म्हणूनच ध्वनिमुद्रित केलेले आपले प्रवचन ऐकताना 'हा कोण बोलतो आहे?' असे वाटते. मोठ्या स्पर्धांच्या नियमांतही हा भेद दिसतो. ब्रिटनमध्ये, जिथे वाहतूक चालू ठेवून रस्त्यावर शर्यती होतात, तिथे कानात घालायच्या हेडफोनांना मनाई आहे. हाडांवाटे ऐकवणारे चालतात.

या पट्टीतून खर्जाचे सूर फिके ऐकू येतात, हे कबूल करायला हवे. बाखच्या ऑर्गनचा गडगडाट गेला. टँकर जवळून गेला की गाणे बुडून जाते. दुकानातल्या तरुण विक्रेत्याने ही उणीव प्रामाणिकपणे सांगितली आणि महागातल्या कळ्या पुढे केल्या. आम्ही त्याला म्हणालो, "बाळ, आम्हांला एक परीक्षा घेऊ दे." पट्टी डोक्यावर चढवली, संगीत चालू केले आणि रस्त्याकडे तोंड करून उभे राहिलो. बरोबरच्या मुलाला पंधरा पावले मागे जाऊन, ओरडायचे नाही, नेहमीच्या आवाजात 'फादर' अशी हाक मारायला सांगितली. आम्ही वळलो. मग कळ्या घालून तेच केले. मुलाने तीनदा हाक मारली, असे त्याने नंतर सांगितले. दुकानदार हसला, त्याला ही गंमत वाटली असावी. मुलगा हसला नाही. आजी त्याच्याच आळीतली होती.

आम्ही पट्टी घेतली. आमचे वाचक, विशेषतः पहाटे अंधारात चालायला निघणाऱ्या भगिनी, असे काही विकत घेणार असतील, तर एवढी परीक्षा जरूर घ्यावी. घरच्या माणसाला पंधरा पावलांवर उभे करावे आणि त्याने नाव घेतलेले ऐकू येते का ते पाहावे. ज्याची हाक ऐकू यायला हवी, त्यालाच बरोबर न्यावे. आवाजाची मर्यादाही पाळावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसाला ८० डेसिबलचा आवाज आठवड्यातून चाळीस तास सोसतो. ९० डेसिबलचा फक्त चार तास. रस्त्याच्या गोंगाटावर मात करण्यासाठी आपण आवाज वाढवीत जातो आणि कान कायमचे मंद होत जातात. तरुणांच्या आईवडिलांनी हे आकडे ध्यानात ठेवावेत.

फोनचे काय? भाच्याची ती चिठ्ठी आम्ही अजून जपून ठेवली आहे, आणि इतर कोणासाठी तो सल्ला चांगलाच आहे. गृहिणीने, विद्यार्थ्याने, कचेरीत राबणाऱ्याने पाऊण तास फोनविना धावावे. देवाचे आणि स्वतःचे ऐकावे. आम्ही मात्र त्या मुलांकडून फोनमध्ये एक सोय करून घेतली आहे. पहाटेच्या वेळी धर्मग्रामातील आजारी माणसांच्या घरचे तेवढे फोन वाजतात, बाकीचे गप्प राहतात. पट्टी फोनला जोडलेली असते. फोन आला की गाणे आपोआप थांबते. मोरितांच्या त्या नारिंगी बटणाची आम्हांला तेव्हा आठवण येते.

काय ऐकतो, असे लोक विचारतात. ग्रेगोरियन गायन आम्हांला प्रिय. पण त्याला ठेका नसतो, त्यामुळे पावले घोटाळतात. जाताना एखादा अभंग किंवा आपली मराठी भक्तिगीते. सुरूच्या बनाशी पोहोचलो की संगीत बंद. परतीच्या वाटेवर माळेची प्रार्थना. आमच्या वेगाने पाच दशके संपता संपता चर्चचे फाटक येते. एलिया संदेष्ट्याची कथा या वाटेवर पुष्कळदा आठवते. तो राजाच्या रथापुढे धावला, एवढा त्याच्या अंगी वेग होता. पण देवाची भेट झाली ती होरेब डोंगरावर, वारा, भूकंप आणि अग्नी निघून गेल्यावर, अगदी हळू आवाजात. धावणे आणि ऐकणे एकाच माणसाला जमू शकते, हा त्या कथेतला दिलासा आहे.

बाप्तिस्म्याच्या विधीत शेवटी धर्मगुरू बालकाच्या कानांना आणि ओठांना अंगठ्याने स्पर्श करतो. प्रभू येशूने बहिऱ्या माणसाला बरे करताना उच्चारलेल्या शब्दावरून त्याला 'एफ्फाथा' म्हणतात. त्याचा अर्थ 'मोकळा हो'. पंचवीस वर्षांत आम्ही किती बालकांच्या कानांना स्पर्श केला असेल, त्याची मोजदाद नाही. आता प्रत्येक वेळी तो करताना आमचा अंगठा क्षणभर रेंगाळतो. कोणे एके काळी आमच्याही कानांना कोणी धर्मगुरूने असाच स्पर्श केला होता.

आजीचा मुलगा अधूनमधून पहाटे गल्लीच्या तोंडाशी काठी टेकून उभा असतो. आम्ही जवळून जाऊ लागलो की तो हलकेच, जवळजवळ पुटपुटल्यासारखी हाक मारतो : "फादर."

आम्ही थांबतो. तो म्हणतो, "काही नाही, फादर. सहज." मग आम्ही पुन्हा धावू लागतो.